‘शेवटची’ मारिया आणि तिची नऊ मुलं

६ जून १८७८ रोजी सिडनीच्या वायव्येला असलेल्या विंडसर गावात मारिया लॉक वारली. वय सत्तरीच्या पुढे. तिच्या मृत्यूच्या वेळच्या नोंदीत तिला ब्लॅकटाउनच्या ॲबोरिजिनल, म्हणजे मूलनिवासी, लोकांपैकी ‘शेवटची’ म्हटलेलं आहे. प्रॉस्पेक्टच्या सेंट बार्थोलोम्यू चर्चच्या आवारात, चोवीस वर्षांपूर्वी गेलेल्या नवऱ्याशेजारी तिला पुरलं. आणि तिची जमीन तिच्या नऊ मुलांमध्ये सारखी वाटली गेली.

एका कागदावर वंश संपलेला आहे. दुसऱ्यावर नऊ वारस आहेत. पुढची शंभर वर्षं सिडनीचा इतिहास पहिल्या कागदाच्या भरवशावर सांगितला गेला. गोरे १७८८ मध्ये आले, देवीची साथ आली, मूळचे लोक ‘नाहीसे झाले’, मग शेती, रस्ते, रेल्वे. शाळेच्या पुस्तकांत हे एका परिच्छेदात उरकायचं. नाहीसे झाले म्हणजे नेमकं काय झालं, हे विचारायची गरज कुणाला वाटत नसे, कारण विचारणारं कुणी उरलंय हेच मान्य नव्हतं. १९६८ मध्ये मानववंशशास्त्रज्ञ डब्ल्यू. ई. एच. स्टॅनर यांनी रेडिओवरच्या बॉयर व्याख्यानांत या प्रकाराला ऑस्ट्रेलियाचं महामौन म्हटलं. ते मौन मोडायला विद्यापीठांचा हात लागला हे खरं. पण ज्या घरांमध्ये आजीची आजी कोण होती हे कुजबुजत का होईना सांगितलं जात होतं, त्या घरांचा वाटा मला जास्त मोठा वाटतो. लॉक घराणं हे त्याचं सर्वांत ठसठशीत उदाहरण आहे, म्हणून हे एकच प्रकरण सविस्तर मांडते.

मी पश्चिम सिडनीत राहते. पॅरामॅटा, ब्लॅकटाउन, रिचमंड रोड ही माझी रोजची नावं. गणपतीची आरास, वाणसामान, मुलांचं क्रिकेट, सगळं याच पट्ट्यात. बरीच वर्षं या नावांच्या मागे माणसं आहेत हे मला ठाऊक नव्हतं.

नदीकाठच्या तीन पिढ्या

मारियाचा जन्म साधारण १८०५ चा, हॉक्सबरी नदीच्या पूरमैदानातला. तिचं कूळ बुरुबेरोंगल, भाषक गट दारुग. वडील यारामुंडी. वसाहतीचे अधिकारी त्यांना रिचमंड टोळ्यांचा प्रमुख म्हणत.

या घराण्याची पहिली लेखी नोंद मारियाच्या जन्माच्या आधीची आहे. एप्रिल १७९१ मध्ये गव्हर्नर आर्थर फिलिप रोज हिलहून, म्हणजे आजच्या पॅरामॅटाहून, पायी हॉक्सबरीकडे निघाला. सोबत सैनिक, आणि किनाऱ्याकडचे दोन मूलनिवासी, कोलबी आणि बालुदेरी. नदीवर त्यांना गोंबीरी, त्याचा मुलगा यारामुंडी आणि एक लहान मुलगा भेटले. किनाऱ्याच्या कोलबीला भाल्याच्या जुन्या जखमेचा त्रास होता. यारामुंडीने त्याच्यावर आपल्या पद्धतीचा उपचार केला, जखमेची जागा तोंडाने चोखून भाल्याची टोकं काढल्यासारखं केलं. नौदलाबरोबर आलेला अधिकारी वॉटकिन टेंच याने हा प्रसंग आपल्या वृत्तांतात लिहून ठेवला. त्याच्या लेखी तो मौजेचा एक प्रसंग होता.

वसाहतीचा इतिहास म्हणून वाचलं तर या पानाचं नाव ‘फिलिपची मोहीम’. घराण्याचा इतिहास म्हणून वाचलं तर ते कुलवृत्तांताचं पहिलं पान ठरतं. आजोबा, मुलगा, नातू एका ओळीत आहेत, कूळ कोणतं ते आहे, नदीचा कोणता भाग त्यांचा ते आहे, आणि यारामुंडी हा उपचार जाणणारा माणूस होता हेही आहे. टेंचला हे लिहायचं नव्हतं. त्याच्या हातून लिहिलं गेलं.

नात्याचा हा धागा हातात नसेल तर घोटाळे होतात. मारियाच्या भावाचं नावही कोलबीच होतं. किनाऱ्याचा कॅडिगल कोलबी वेगळा, हॉक्सबरीचा बुरुबेरोंगल कोलबी वेगळा. नुसत्या नावावरून कागद लावणाऱ्याला दोघं एकच वाटू शकतात. बाप कोण, बहीण कोण, हे विचारणाऱ्याला वाटत नाहीत.

शाळा, आणि मुंबईत राहून गेलेला गव्हर्नर

२८ डिसेंबर १८१४ रोजी पॅरामॅटामध्ये गव्हर्नर लॅकलन मॅक्वारीने मूलनिवाशांना मेजवानीला बोलावलं. त्याच दिवशी मारियाला नेटिव्ह इन्स्टिट्यूशन या मूलनिवासी मुलांच्या नव्या शाळेत दाखल केलं गेलं. शाळा विल्यम शेली या मिशनऱ्याच्या हाती होती. एकदा आत आलेलं मूल ठरावीक वयापर्यंत बाहेर काढता येणार नाही, असा नियम होता: मुलगे सोळा वर्षांपर्यंत, मुली चौदा.

या मॅक्वारीची एक बाजू आपल्याकडची आहे. तो १७८८ पासून मुंबईत सैन्यात होता. १७९३ मध्ये त्याने मुंबईतच जेन जार्व्हिसशी लग्न केलं. ती तीन वर्षांनी मकाऊला क्षयाने वारली तेव्हा तिचा देह पुरण्यासाठी परत मुंबईला आणला. १७९५ मध्ये कोचीनला त्याने दोन लहान गुलाम मुलगे विकत घेतले होते. त्यातला एक, जॉर्ज, पुढे मॅक्वारीबरोबर न्यू साउथ वेल्सला, म्हणजे सिडनीच्या वसाहतीतही, गेला आणि अखेरपर्यंत त्याच्याजवळ राहिला. पॅरामॅटाच्या शाळेत परक्यांची मुलं वळण लावायला घेणारा माणूस वीस वर्षांपूर्वी मुलं विकत घेऊन आला होता, हे एकदा कळल्यावर त्या शाळेच्या ‘उदार हेतू’बद्दल वाचताना मन थबकतं.

१८१९ च्या वार्षिक परीक्षेत चौदा वर्षांच्या एका मूलनिवासी मुलीने पहिलं बक्षीस मिळवलं. परीक्षेला वसाहतीतली शंभराच्या आसपास युरोपीय मुलं होती, आणि नेटिव्ह इन्स्टिट्यूशनची वीस. सिडनी गॅझेटने बातमी छापली, मुलीचं नाव छापलं नाही. वय आणि साल जुळतं म्हणून ती मारियाच असं मानलं जातं. ही बातमी पुढे दीडशे वर्षं ‘काळ्या मुलांनाही शिकवता येतं’ याचा नमुना म्हणून उद्धृत होत राहिली. म्हणजे ती शाळेच्या यशाची बातमी होती. मुलीला तिचं नाव आणि बाप परत देण्याचं काम घराण्याच्या इतिहासाने केलं, आणि तेव्हाच ती यारामुंडीच्या लेकीची बातमी झाली.

नवरा बायकोच्या ताब्यात

मारियाचं पहिलं लग्न १८२२ मध्ये डिकीशी झालं. डिकी म्हणजे सिडनीच्या बेनेलाँग या मूलनिवासी माणसाचा मुलगा, सिडनीचं ऑपेरा हाउस ज्याच्या नावाच्या टोकावर उभं आहे त्या बेनेलाँगचा. काही आठवड्यांतच तो आजारी पडून गेला. मग २६ जानेवारी १८२४ रोजी पॅरामॅटाच्या सेंट जॉन्स चर्चमध्ये तिने रॉबर्ट लॉकशी लग्न केलं. रॉबर्ट सुतार होता, निरक्षर होता, आणि इंग्लंडहून काळ्या पाण्यावर पाठवलेला कैदी होता. कैदी आणि मूलनिवासी स्त्री यांचं सरकारी मान्यतेने झालेलं वसाहतीतलं हे पहिलं लग्न.

कैद्याला कुणाच्या तरी ताब्यात द्यायचं असे, त्याच्याकडून काम करून घ्यायला. रॉबर्टला मारियाच्या ताब्यात दिलं गेलं.

जेते आणि जित असे दोन रकाने आखून वसाहतीचा इतिहास सांगायची आपल्याला सवय आहे. त्या घरात लिहिता-वाचता येणारी बायको ‘जित’ रकान्यातली, आणि सही न येणारा, तिच्या हवाली केलेला नवरा ‘जेता’ रकान्यातला. त्यांची मुलं कोणत्या रकान्यात टाकायची? याचं उत्तर सरकार पुढची शंभर वर्षं सोयीप्रमाणे बदलत राहिलं. जमीन द्यायची तेव्हा ती रॉबर्टच्या नावावर, म्हणजे गोऱ्याच्या. जमीन काढून घ्यायची तेव्हा मुलं मारियाची, म्हणजे काळ्यांची.

भावाचे तीस एकर

या प्रकरणाचा गाभा जमिनीत आहे.

मार्च १८३१ मध्ये मारियाने गव्हर्नर राल्फ डार्लिंगला अर्ज केला. सुबक इंग्रजीत. लग्नात तिला जमिनीचा एक लहान तुकडा आणि एक गाय द्यायचं कबूल केलं होतं. गाय मिळाली, जमीन मिळाली नाही. तिचा भाऊ कोलबी वारला होता. त्याला मिळालेली, ब्लॅकटाउनच्या शाळेसमोरची तीस एकर जमीन आपल्याला मिळावी, ही तिची मागणी होती.

या अर्जाकडे गरीब बाईची विनवणी म्हणून पाहिलं जातं. मला तो वारसाहक्काचा दावा वाटतो. भाऊ गेला, बहीण आहे, जमीन बहिणीकडे यावी. तेही गव्हर्नरच्याच भाषेत, त्याच्याच कायद्याच्या चौकटीत. सबंध ऑस्ट्रेलिया कुणाच्याच मालकीची नाही असं गृहीत धरून चाललेल्या सरकारकडे एक दारुग स्त्री १८३१ मध्ये रक्ताच्या नात्यावर जमीन मागते आहे.

डार्लिंगने चाळीस एकर द्यायला सांगितले, पण रॉबर्टच्या नावावर, तिच्या वतीने. त्यातही अडथळा आला. सिडनीच्याच लिव्हरपूल भागाजवळ निवडलेला तुकडा आपल्या जमिनीला अडचणीचा होईल, अशी हरकत रेव्हरंड रॉबर्ट कार्टराइटने घेतली, ज्याच्याकडे हे जोडपं कामाला होतं तोच. मारिया मागे हटली नाही. १८३३ मध्ये लिव्हरपूलची जमीन मिळाली. भावाचे तीस एकर मिळायला १८४३ उजाडलं. अर्जापासून बारा वर्षं.

आता ते तीस एकर कोलबीला का मिळाले होते, हे टाळून चालणार नाही. १८१६ मध्ये दुष्काळ आणि चकमकींच्या काळात मॅक्वारीने सैन्याच्या तुकड्या मूलनिवाशांवर सोडल्या. १७ एप्रिल १८१६ च्या पहाटे ॲपिनजवळ कॅप्टन वॉलिसच्या तुकडीने निदान चौदा माणसं मारली, त्यांत बायका आणि मुलंही होती. त्याच मोहिमेत दुसऱ्या तुकडीबरोबर कोलबी आणि नुरागिंजी हे वाटाडे म्हणून होते. त्यानंतर मॅक्वारीने त्या दोघांना मिळून साउथ क्रीकवर तीस एकर दिले. मूलनिवाशांना वसाहतीने दिलेली ही पहिली जमीन, आणि १८१९ मध्ये तिची नोंद झाली ती एकट्या कोलबीच्या नावावर.

घराण्याचा इतिहास लिहिताना अशी पानं गाळायचा मोह होतो. आपल्याकडच्या कुलवृत्तांतांतही शूर मूळपुरुष असतो, वाटाड्या मूळपुरुष नसतो. दारुग कुटुंबांनी हे पान गाळलेलं नाही, आणि मला त्यांच्याबद्दल आदर वाटतो तो इथे. कारण ते पान ठेवलं की १८१६ वेगळं दिसतं. सोबत कोणत्या कुळाचा माणूस वाटाड्या होता, ज्यांच्यावर तुकड्या गेल्या ते कोणत्या भागातले, आपल्या नदीकाठचे लोक वाचावेत म्हणून कोण कोणाबरोबर उभं राहिलं, हे प्रश्न तेव्हाच विचारता येतात. ‘मूलनिवासी’ या एका शब्दात हे सगळं सपाट होऊन जातं. तो शब्द वसाहतीचा आहे. नात्यांत असं सपाट काही नसतं.

मालकीची जमीन, तरी राखीव

मारियाच्या वारसांनी ब्लॅकटाउनची जमीन साधारण १९२० पर्यंत कसली, तिच्यावर घरं बांधली. कायद्याने ती मालकी हक्काची जमीन होती. दरम्यान न्यू साउथ वेल्समध्ये १८८३ मध्ये ॲबोरिजिन्स प्रोटेक्शन बोर्ड, म्हणजे मूलनिवाशांच्या ‘संरक्षणा’चं सरकारी मंडळ, स्थापन झालं. १९०९ च्या कायद्याने त्याला अधिकार मिळाले, आणि १९१५ च्या दुरुस्तीने कोर्टात न जाता मुलं उचलून नेण्याचीही मुभा मिळाली. मूलनिवाशांसाठी ‘राखीव’ ठेवलेल्या जमिनी याच बोर्डाच्या हातात असत, आणि गोऱ्या शेतकऱ्यांना हव्या झाल्या की त्यांचं आरक्षण उठवलं जाई.

१९२० च्या सुमारास लॉक कुटुंबाची जमीन राखीव आहे असं मानलं गेलं आणि तिचं आरक्षण रद्द केलं गेलं.

मी हे वाक्य पहिल्यांदा वाचलं तेव्हा परत वाचलं. सरकारने दिलेली, वारसांनी वाटून घेतलेली खाजगी जमीन केवळ तिच्यावर राहणारे ॲबोरिजिनल आहेत म्हणून ‘राखीव’ ठरते, आणि राखीव ठरली म्हणून काढून घेता येते. मूलनिवाशांची जमीन गेली ती १७८८ मध्ये, तोफा आणि बंदुकांनी, असं आपण धरून चालतो. लॉक घराण्याची जमीन दोनदा गेली. दुसऱ्यांदा गेली ती पहिल्या महायुद्धानंतर, टंकलेखन यंत्रांच्या काळात, कचेरीतल्या एका शब्दाने. ही तारीख घराण्याच्या कागदांतूनच कळते. जमीन कुणाकडून कुणाकडे गेली हे एका कुटुंबाच्या मागे चालत गेल्याशिवाय दिसत नाही.

त्यानंतरच्या दोन पिढ्या गप्प राहिल्या. बोर्डाच्या माणसांना मुलं दिसू नयेत म्हणून ऑस्ट्रेलियाभर मूलनिवासी घरांत मुलांना सांगितलं जाई की आपण स्पॅनिश आहोत, माओरी आहोत, भारतीय आहोत. भारतीय! आपल्या रंगाचा असाही आडोसा कुणीतरी घेतला होता, ही गोष्ट मला इथल्या दुकानांच्या रांगेत उभी असताना हल्ली आठवते.

कागद उलटे वाचणं

१९८० च्या दशकापासून दारुग कुटुंबांनी आपल्या वंशावळी पुन्हा जुळवायला घेतल्या. मॅक्वारी विद्यापीठातले जेम्स कोहेन त्यांच्यासोबत होते. साधनं तीच जुनी. चर्चच्या बाप्तिस्मा आणि लग्नाच्या वह्या, सरकार मूलनिवाशांना ब्लँकेटं वाटे त्याच्या याद्या, जमिनीचे दस्तऐवज, बोर्डाच्या नोंदी. बहुतेक कागद माणसांवर नजर ठेवायला तयार झालेले. ब्लँकेटच्या यादीत नाव, अंदाजे वय, किती बायका-मुलं, कोणत्या भागातला, हे असे. सरकारला हवी होती ब्लँकेटांची संख्या. पणतवंडाला त्यात पणजोबांचं गाव सापडलं.

कागद आणि घरातली आठवण एकमेकांना धरून चालतात. घरात सांगितलं जाई की आपली ती आजी राजाची मुलगी होती. कागदात होतं ‘चीफ ऑफ द रिचमंड ट्राइब्ज’. दोन्ही एकत्र ठेवली की १८७८ च्या ‘शेवटची’चा अर्थ लागतो. नोंद करणाऱ्याला शुद्ध रक्ताचा मूलनिवासी तेवढाच खरा वाटत होता, म्हणून गोऱ्या बापाची नऊ मुलं त्याला दिसली नाहीत. वंश संपला नव्हता. मोजणाऱ्याने मोजायचं थांबवलं होतं. मारिया आणि रॉबर्टच्या वंशजांची कितीतरी कुटुंबं आज सिडनीच्या पश्चिमेला राहतात आणि स्वतःला दारुग म्हणवतात.

न्यायालयात मात्र हे पुरलं नाही. मूलनिवाशांचा जमिनीवरचा पारंपरिक हक्क मान्य करणाऱ्या १९९२ च्या माबो निकालानंतर त्या हक्काबद्दलचा १९९३ चा नेटिव्ह टायटल कायदा आला, आणि दारुग वंशजांनी दावे केले. २००४ मध्ये फेडरल न्यायालयाने त्यांचा दावा फेटाळला. वंशज आहात हे सिद्ध होणं पुरेसं नाही, वसाहतपूर्व कायदे आणि रीती खंड न पडता पाळल्या गेल्या हे दाखवावं लागतं. २००२ मध्ये व्हिक्टोरियाच्या योर्टा योर्टा या मूलनिवासी लोकांच्या खटल्यात हाय कोर्टाने, म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या सर्वोच्च न्यायालयाने, ही अट पक्की केली होती. त्या खटल्यात मूळ न्यायाधीशाने वंशजांच्या तोंडी साक्षींपेक्षा एडवर्ड कर या एकोणिसाव्या शतकातल्या पशुपालकाच्या लिखाणाला जास्त वजन दिलं होतं, आणि हक्क इतिहासाच्या भरतीत वाहून गेले असं म्हटलं होतं. मला हा निकष अन्याय्य वाटतो. ज्या सरकारने शाळेत भाषा तोडली, बोर्डाकडून मुलं उचलली, जमिनीवरून उठवलं, तेच सरकार विचारतं की मध्ये खंड का पडला. लॉक घराण्याच्या कागदांत तो खंड कोणी, कोणत्या साली, कोणत्या हुकमाने पाडला ते लिहिलेलं आहे. कायद्याला ते वाचायचं नव्हतं.

कोर्टाबाहेर गोष्टी हळूहळू हलल्या. नेटिव्ह इन्स्टिट्यूशन १८२३ मध्ये पॅरामॅटाहून रिचमंड रोडवर, कोलबीच्या जमिनीसमोर हलली होती आणि १८२९ मध्ये बंद पडली. त्या वस्तीला लोक ‘ब्लॅक टाउन’ म्हणू लागले, आजच्या सुमारे चार लाख वस्तीच्या शहराचं नाव तिथून आलं. शाळेची जागा आणि कोलबी-नुरागिंजी यांची जमीन, दोन्ही राज्याच्या वारसा यादीत आहेत. २०१८ मध्ये ओकहर्स्ट इथली शाळेची जागा दारुग लोकांच्या संस्थेला परत दिली गेली. ज्या जागेत मुलं आई-बापांपासून तोडून ठेवली, ती जागा त्या मुलांच्या वंशजांकडे आली.

रस्त्याच्या पलीकडे गेल्या काही वर्षांत नवी वसाहत उभी राहिली आहे. तिचं नाव कोलबी. विटांची दुमजली घरं, दारात रांगोळी, मागे तुळस. कोलबी, न्यू साउथ वेल्स २७६१, हा पत्ता आज आपल्यातले कितीतरी जण बँकेच्या अर्जावर, मुलांच्या शाळेच्या फॉर्मवर लिहितात. एका बहिणीने १८३१ मध्ये गव्हर्नरला लिहिलेल्या अर्जात याच कोलबीची जमीन मागितली होती: माझा भाऊ, म्हणून.